किल्ल्याखालची आगगाडी

आश्विनाचा वद्य पक्ष लागला, शाळांना सुटी झाली, कीं पुण्यांतील मुलांचे हात मातीला लागतात. कोणी विटांचे तुकडे गोळा करतो, कोणी धान्याचीं जुनीं पोतीं मागून आणतो, कोणी आजीच्या डब्यांतले मूठभर अळीव पळवतो. आणि दोनतीन दिवसांत अंगणाच्या कोपऱ्यांत डोंगरी किल्ला उभा राहतो. बुरूज, तट, महादरवाजा, पायथ्याचें गांव, आरशाच्या तुकड्याचें तळें, सिंहासनावर मातीचे शिवाजी महाराज आणि वाटेवाटेवर मावळे, एवढें झालें म्हणजे किल्ला पुरा झाला असें वडील माणसें समजतात. मुलें मात्र तसें समजत नाहींत. त्यांना आणखी एक वस्तु हवी असते. तळ फोडलेला पत्र्याचा डबा आडवा पुरून तीं डोंगराला बोगदा पाडतात, आणि त्या बोगद्यांतून आगगाडी काढतात.

मग ठरलेला प्रश्न येतो. एखादे आजोबा चष्मा सांवरून विचारतात, "अरे, महाराजांच्या काळीं आगगाडी कुठें होती?" मूल क्षणभर ओशाळतें, गाडी उचलून बाजूला ठेवतें, आणि आजोबांची पाठ फिरतांच ती पुन्हां बोगद्यांत घालतें.

हा तंटा वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आजोबांचा इतिहास खरा आहे. परंतु मुलाचेंहि अगदींच चुकत नाहीं. कोणाचें किती बरोबर हें ठरवावयाचें तर किल्ला, आगगाडी आणि सणापुरती घरांत मांडलेली चिमुकली सृष्टि या तिहींचा मागोवा घ्यावा लागतो.

प्रथम खऱ्या आगगाडीकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही एकवीस मैलांची पहिली गाडी धांवली. पुढें १४ जून १८५८ रोजीं पुणें ते खंडाळा हा रस्ता खुला झाला. मधला बोरघाट मात्र बाकी होता. मुंबईहून येणारा उतारू घाटाच्या पायथ्याशीं गाडींतून उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढे, आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडींत बसे. घाटांतून रूळ नेण्याचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. जेम्स बर्कले हे त्याचे मुख्य इंजिनिअर. सुमारें सोळा मैलांच्या अंतरांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. कांहीं ठिकाणीं दर ३७ फुटांना एक फूट असा चढ होता. पंचवीस बोगदे खोदावे लागले. एका जागीं डोंगराची सोंड इतकी अरुंद होती, कीं वळणाला जागाच नव्हती. तेथें गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोंकाला लागे आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढे. ही उलटापालट १९२९ पर्यंत चालू होती. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाट खुला झाला, आणि पुणें व मुंबई हीं शहरें एका रुळानें जोडलीं गेलीं.

आतां या मार्गावरून आजचा मुलगा प्रवास करतो तेव्हां त्याला काय दिसतें? पुण्याहून मुंबईस जातांना मळवलीच्या सुमारास डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले उभे असतात. खंडाळ्याच्या दरीपलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. हे किल्ले तेथें उगाच नाहींत. कोंकणांतून देशावर चढणारी वाट ज्याच्या नजरेखालीं, त्याच्या हातीं व्यापार आणि मुलूख. ज्या खिंडीवर किल्लेदारांनीं पहारा ठेवला, त्याच खिंडीचा शोध इंग्रज इंजिनिअरांना घ्यावा लागला; कारण सह्याद्रि कोणासाठींहि जागा बदलत नाहीं. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्या बारांत लोहगड आहे, आणि त्याच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर गाड्या धांवतात. सारांश, मुलाचा किल्ला हें सतराव्या शतकाचें चित्र मानलें तर आगगाडी ही ढळढळीत चूक आहे. पण तें मावळाचें चित्र मानलें तर त्यांत आगगाडी नसणें हीच चूक ठरेल.

खेळण्यांतली आगगाडी खऱ्या गाडीच्या मागोमागच आली. पहिल्या गाड्या लाकडाच्या किंवा पत्र्याच्या असत. त्या दोरी बांधून जमिनीवरून ओढीत. १८९१ सालीं जर्मनींतील लाइपझिगच्या व्यापारी जत्रेंत मार्क्लिन कारखान्यानें एक नवी गोष्ट मांडली. गाडी चावीची होती, पण खरें नवल रुळांचें होतें. ते ठरावीक मापाचे आणि तुकड्या-तुकड्यांचे असून एकमेकांस जोडतां येत. जे रूळ जोडतां येतात ते सोडवतांहि येतात. आज मांडावें, खेळावें, उद्यां पेटींत भरून ठेवावें आणि पुढच्या सणाला निराळ्या आकारांत मांडावें, ही सोय त्या तुकड्यांनीं झाली. न्यूयॉर्कमधील लायनेल कंपनी १९०० सालीं निघाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं १९२० सालीं आपली चावीची गाडी बाजारांत आणली. पुढें विजेच्या गाड्या झाल्या आणि त्यांचीं मापेंहि लहान होत गेलीं.

या गाड्यांना सण मिळाला तो नाताळचा. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत मोरेव्हियन पंथाच्या जर्मन वसाहतवाल्यांची एक जुनी चाल होती. नाताळांत तीं कुटुंबें घरांत शेवाळ, दगड, लाकडी जनावरें व घरें मांडून येशूच्या जन्माचा देखावा करीत. विसाव्या शतकांत अमेरिकन घरांत नाताळच्या झाडाभोंवतीं विजेची आगगाडी फिरूं लागली, आणि गव्हाणींतल्या बाळाशेजारून डबे खडखडत जाऊं लागले. आपल्याकडचे अळीव आणि तिकडचें शेवाळ यांत फरक तो काय? तेथेंहि एखाद्या आजोबांनीं खचित विचारलें असेल, कीं येशूच्या काळीं बेथलेहेमला आगगाडी कुठें होती?

नाताळच्या या चालीची धाकटी बहीण म्हणजे हॅलोवीनची आगगाडी. हॅलोवीन हा ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळचा सण. दुसरा दिवस ख्रिस्ती पंचांगांत सर्व संतांचा आणि तिसरा मृतात्म्यांचा. त्याच्या मुळाशीं आयर्लंड व स्कॉटलंडमधील साउइन नांवाचा जुना हंगामी सण आहे. उन्हाळा सरून अंधाराचा काळ सुरू होतो त्या रात्रीं मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी तेथील समजूत होती. एकोणिसाव्या शतकांतील मोठ्या दुष्काळानंतर आयरिश लोक लाखांनीं अमेरिकेस गेले आणि हा सण तेथें रुजला. मायदेशीं सलगम पोखरून त्यांत दिवा ठेवीत. अमेरिकेंत भोपळा मोठा आणि मुबलक, म्हणून त्याचा दिवा झाला.

भूत आणि आगगाडी यांची सांगड मात्र खेळण्याच्या दुकानांत जन्मली नाहीं. ९ जून १८६५ रोजीं इंग्लंडांत स्टेपलहर्स्ट येथें गाडी पुलावरून घसरली. तींत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. ते वांचले, पण तो धक्का त्यांच्या मनांतून गेला नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८६६ च्या नाताळ अंकांत, त्यांनीं बोगद्याच्या तोंडाशीं राहणाऱ्या सिग्नलवाल्याची आणि त्याला दिसणाऱ्या भुताची कथा प्रसिद्ध केली. काळोखा बोगदा, लाल दिवा, दुरून येणारी शिटी, एवढ्यानें अंगावर कांटा येतो, हें आगगाडीच्या पहिल्या पिढीलाच कळून चुकलें होतें.

आतां हॅलोवीनची गाडी घरांत कशी मांडतात तें पाहूं, कारण त्या कृतींत आपल्या किल्ल्याची बरीच कृति सांपडते. एका टेबलावर फळी टाकून काळें कापड अंथरतात. त्यावर रुळांचें एक लंबवर्तुळ जोडतात. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापांत रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर असते. या मापांतील वळणाची नेहमींची त्रिज्या अठरा इंच. म्हणून टेबल निदान साडेतीन फूट रुंद लागतें. कापडाखालीं पुठ्ठ्याचीं खोकीं सारलीं कीं टेंकड्या होतात. त्यांवर पडकीं घरें, वाळक्या फांद्यांचीं झाडें, पुठ्ठ्याचीं थडगीं आणि खिडक्यांतून नारिंगी दिवे मांडतात. कापूस विरळ ओढून पसरला म्हणजे धुकें होतें. पण तो रुळांपासून दूर ठेवावा लागतो, नाहीं तर त्याचे तंतु चाकांच्या आंसाला गुंडाळतात आणि भुताची गाडी खरोखरीच अडते. कोठेंहि खिळा मारीत नाहींत, डिंक लावीत नाहींत. सण झाला कीं सारें उकलून पेटींत जावयाचें असतें.

यांत फसगत व्हावयाची ती चढावर. मुलांना वाटतें, गाडीनें डोंगर चढावा. परंतु बोरघाटाचा दर ३७ फुटांना एक फूट हा चढसुद्धां खऱ्या इंजिनांस जड गेला. त्याच प्रमाणांत चिमुकली गाडी चार इंच वर न्यावयाची तर बारा फुटांहून अधिक लांब रूळ लागतो. सगळा बोरघाट याच मापानें मांडावयाचा म्हटलें तर रुळांची लांबी जवळजवळ तीनशें मीटर होईल, आणि शेवटचें स्टेशन दुमजली घराच्या उंचीवर येईल! म्हणून जाणता माणूस रूळ सपाट ठेवतो आणि डोंगर त्याच्यावर चढवतो. पुण्यांतील मुलांनीं हें तत्त्व कोणत्याहि पुस्तकावांचून शोधून काढलें आहे. त्यांची आगगाडी किल्ल्याखालून जाते ती याच कारणानें.

हल्लीं पुण्यांतील कांहीं सोसायट्यांत आणि शाळांत हॅलोवीनचे मुखवटे व भोपळे दिसूं लागले आहेत, आणि वडील माणसांस तें रुचत नाहीं. २०२४ सालीं तर नरकचतुर्दशी व हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आलीं. पहाटे अभ्यंगस्नान करून कारीट फोडलेल्या मुलानें संध्याकाळीं भुताचा मुखवटा घालावा, हें पाहून कोणाच्या कपाळास आठी पडली असेल तर नवल नाहीं. परंतु आपल्या दिवाळींत मृतांची आठवण मुळींच नाहीं असें कोणीं समजूं नये. धनत्रयोदशीस यमासाठीं दक्षिणेकडे वात करून दिवा लावतात. अमावास्येच्या सुमारास पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून उल्का, म्हणजे पेटत्या चुडी, दाखवाव्यात असें धर्मशास्त्र सांगतें. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं केरसुणीनें अलक्ष्मीला बाहेर काढण्याचीहि चाल आहे. दिवस लहान होऊं लागले, पिकें घरांत आलीं, म्हणजे माणसाला गेलेल्यांची आठवण होते आणि तो दिवा लावतो. हें आयर्लंडांत झालें तसें आपल्याकडेहि झालें. फरक आहे तो वृत्तीचा. तेथें भुताची थट्टा करून भीति घालवतात. आपण पितरांना वाट दाखवून निरोप देतों.

येथेंच आजोबांच्या प्रश्नाहून मोठा प्रश्न उभा राहतो. खेळण्यांतल्या बोगद्यांत पुठ्ठ्याचें भूत बसवावयाचें, कीं खऱ्या बोगद्यांतलीं माणसें आठवावयाचीं? बोरघाटाच्या कामावर १८६१ सालीं सुमारें ४२ हजार मजूर होते. सुरुंग, दरडी, ताप आणि पटकी यांनीं त्यांतले हजारों मेले. मजुरीवरून १८५९ सालीं दंगा झाला आणि पहिला कंत्राटदार फॅव्हिएल काम सोडून गेला. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट अंगावर घेऊन तें तडीस नेलें. बर्कले व ट्रेडवेल यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. ज्यांनीं कड्यावर दोरानें लोंबकळून सुरुंगाचीं भोंकें पाडलीं, त्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. मुंबईहून पुण्यास येणारा प्रत्येक उतारू त्यांच्या हाताच्या कामावरून पुढें सरकतो. दिवाळींतल्या किल्ल्यांत मावळ्यांस जागा आहे. बोगद्याच्या तोंडाशीं पहार घेतलेल्या मजुराच्या एका मातीच्या बाहुलीस जागा कां असूं नये? तो मजूरहि याच मुलखाच्या उन्हांत राबला. कसबा पेठेच्या कुंभारवाड्यांत मावळ्यांशेजारीं भाजीवाली आणि शिपाईहि मिळतात. मजूर घडवणें कांहीं अवघड नाहीं.

चार दिवसांच्या या खेळाला कायमचें घर देण्याचा प्रयत्नहि पुण्यांतच झाला आहे. भाऊसाहेब जोशी यांनीं हयातभर जोपासलेल्या छंदांतून कोथरुडांत छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय उभें राहिलें. १ एप्रिल १९९८ रोजीं तें लोकांसाठीं खुलें झालें. तेथें एका चिमुकल्या शहरांतून वाफेच्या इंजिनापासून आधुनिक वेगवान गाडीपर्यंत अनेक गाड्या धांवतात. सिग्नल, पूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, सारें ठराविक मापांत मांडलें आहे. एका माणसाचा छंद शहराच्या ठेव्यांत जमा झाला, हें पुण्यास भूषणावह आहे. तथापि अशा कायम मांडणीला आणि अंगणांतल्या किल्ल्याला एकच माप लावणें योग्य नाहीं. संग्रहालयांत वस्तु टिकते; किल्ल्यांत वस्तु टिकत नाहीं, हात टिकतो. गतवर्षींचा किल्ला मोडलेला असतो, म्हणून यंदां तो पुन्हां रचावा लागतो. रचतांना थोरला भाऊ धाकट्याला सांगतो, कीं पोतें चिखलांत किती वेळ बुडवावें, अळीव केव्हां टाकावे म्हणजे लक्ष्मीपूजनाला कोंब हिरवे दिसतील, बोगद्यावर वीट आडवी ठेवावी कीं उभी. हें ज्ञान कोठें लिहिलेलें नसतें. एक वर्ष किल्ला झाला नाहीं तर त्याचा एक दुवा निखळतो.

आणि दुवे निखळत चालले आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील कितीतरी वाडे एका दिवसांत जमीनदोस्त झाले. उरलेल्या वाड्यांच्या जागीं पुढील काळांत इमारती आल्या. अंगणें गेलीं, तशी किल्ल्याची जागाहि गेली. किल्ला कांहीं काळ मोटारींच्या तळावर आणि गॅलरीच्या कोपऱ्यांत टिकून राहिला. मग प्लॅस्टरचा तयार किल्ला दुकानांत मिळूं लागला. तो आणावा, कपाटावर ठेवावा, मावळे चिकटवावे. हाताला माती लागत नाहीं आणि फरशी मळत नाहीं. हॅलोवीनची तयार गाडीहि तशीच खोक्यांतून येते. धोका आहे तो येथें. तो परक्या सणांत नाहीं आणि कालविपर्यासांतहि नाहीं. पुठ्ठा कापून स्वतः भुताचें घर करणारा मुलगा तयार किल्ला विकत घेणाऱ्या मुलापेक्षां शिवकालीन कारागिरांच्या अधिक जवळ आहे, असें म्हटल्यास तें कोणास विचित्र वाटेल. पण विचाराअंतीं तें पटावें.

आपल्या परंपरेला तात्पुरती वस्तु परकी नाहीं. पार्थिव गणपति मातीचा करावयाचा, त्यांत देवाचें आवाहन करावयाचें, आणि ठरल्या दिवशीं त्याचें विसर्जन करावयाचें, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. विसर्जन आहे म्हणून मूर्तीवरची भक्ति कोणी कमी करीत नाहीं. त्याच न्यायानें भाऊबिजेनंतर किंवा तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडतो. माती कुंड्यांत जाते, विटा जिन्याखालीं जातात, मावळे वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून माळ्यावर चढतात, आणि त्यांच्याच पेटींत रुळांचे तुकडे व आगगाडीचे डबे ठेवले जातात.

त्या आजोबांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं पुढच्या आश्विनांत त्यांनीं प्रश्न थोडा बदलावा. महाराजांच्या काळीं आगगाडी कुठें होती, असें न विचारतां, "बाळ, ही तुझी गाडी कोणत्या घाटांतून चालली आहे?" असें विचारावें. मूल बोरघाटाचें नांव सांगेल. मग तेथें पाटावर बसून, वर लोहगड कोणीं राखला आणि खालचा बोगदा कोणीं खोदला, या दोन्ही गोष्टी त्यांनीं त्याला सांगाव्यात.